बोलतं तोंड

४ फेब्रुवारी, मंगळवार

कवळी परत आली! चौथ्यांदा!

खिडकीतून ट्रे सरकला, ट्रेमध्ये डबी, डबीवर डॉक्टरांच्या अक्षरातली चिठ्ठी — 'शिट्टी वाजते.' बस, एवढंच. मी कवळी साच्यावर बसवून पाहिली. तसूभर हलत नाही. कुठे टोचेल अशी कड नाही. वरचे-खालचे दात असे भेटतात की मधून कागद जायचा नाही. मग शिट्टी कुठून वाजते? प्लास्टरचा साचा तर शिट्टी वाजवत नाही!

एकोणीस वर्षं मी दवाखान्यामागच्या या खोलीत दात बनवतेय. फळ्यांवर दोनशेच्या वर जबडे आहेत — सगळे पांढरे, सगळे गप्प. प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीने नंबर. या कवळीचा एकशे चौदा. एकशे चौदाच्या टाळूवरची एकेक सुरकुती मला पाठ आहे. त्याचा मालक उंच की बुटका, रागीट की गरीब — देव जाणे.

पुढच्या दातांमागची कड जराशी घासली. पुन्हा चकाकी आणली. खिडकीतून परत पाठवली.

५ फेब्रुवारी, बुधवार

दोन कॅप, एक अर्धी कवळी. एकशे चौदाचा निरोप नाही. लक्षण चांगलं आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चांगलं कसलं! पाचव्यांदा परत. आणि या वेळी ट्रे नाही आला, डॉक्टर स्वतः आल्या.

या आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या कन्या. दीड वर्षापूर्वी वडील थकले आणि दवाखाना यांच्याकडे आला. लहान असताना याच खिडकीत हनुवटी टेकवून माझ्याकडे मेणाचे गोळे मागायच्या. आता मी त्यांना 'तुम्ही' म्हणते, आणि त्या मला अजून मावशीच म्हणतात. आल्या त्या थेट प्लास्टरच्या पोत्यावर बसल्या. मूळचा पांढरा कोट, तो आणखी पांढरा झाला.

'मावशी, कवळीत काही दोष नाही.'

'मग?'

'ते काका माझ्यासमोर बोलतच नाहीत. आ करतात, मान हलवतात. बायको सांगते की स म्हटलं की शिट्टी वाजते. मी ती एकदाही ऐकलेली नाही. आणि ऐकली तरी कुठे किती खरवडायचं ते मला नाही कळणार. तुम्हाला कळेल. तुम्ही बाहेर या.'

बाहेर या! पायांचे तळवे गार पडले. मी म्हटलं, 'बघू.' हे माझं ठरलेलं उत्तर. त्यात नाही म्हणायचा वाईटपणा नाही आणि हो म्हणायचं संकट नाही.

त्या गेल्यावर तासभर एकच दात घासत बसले होते. झिजला. टाकून द्यावा लागला.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. आज खरं लिहिते. इथे कोण वाचणार आहे?

मला कुणी मारलं नाही, फसवलं नाही, चारचौघांत अपमान केला नाही. म्हणूनच सांगायची लाज वाटते. नोकरीचा पहिला महिना होता. मोठ्या डॉक्टरांनी मला दातांचा रंग जुळवायला बाहेर बोलावलं. खुर्चीत एक बाई. मी रंगांची पट्टी त्यांच्या ओठांशी धरली. त्यांनी विचारलं, 'कुठला शोभेल हो मला?' साधा प्रश्न! मला उत्तर येत होतं. पण आवाज फुटेना. त्या बघतायत, डॉक्टर बघतायत, बाकावरचे सगळे बघतायत. मी पट्टी त्या बाईंच्या मांडीवर ठेवली आणि आत निघून आले. एवढंच झालं.

मोठे डॉक्टर मायाळू माणूस. रागावले नाहीत. पुढच्या आठवड्यात सुतार बोलावला आणि भिंतीत खिडकी पाडून घेतली. म्हणाले, 'तुझं काम हातांचं आहे, बोलायचं आमचं.' मला रडू आलं होतं, एवढं बरं वाटलं.

आणि घरी ताई. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, विमा कार्यालयात नोकरी. आई-बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. घरमालकाशी ताई बोलते, नळ दुरुस्त करणाऱ्याशी ताई बोलते, नातेवाइकांच्या फोनवर 'हो, ती मजेत आहे' हेही ताईच सांगते. दुकानात मी पिशवी धरते, ती बोलते. मी ताईच्या मागे चालते ते इतकं सवयीनं की रस्ता कुठला ते मला कधी बघावं लागत नाही.

आज तिला डॉक्टरांचं सांगितलं. लगेच म्हणाली, 'मी येते. मी त्या म्हाताऱ्याला बोलतं करते, तू मागे उभी राहून ऐक.'

'तू कशी येणार दवाखान्यात?'

'दाढ दुखतेय म्हणेन! खरंच थोडी दुखतेय.'

दोघी हसलो. मग ती म्हणाली, 'आणि नाहीच गेलीस तर काय होईल? आजवर कुठे काय अडलंय?'

खरंच. कुठे काय अडलंय?

१० फेब्रुवारी, सोमवार

माझ्या खोलीच्या दारापासून पेशंटच्या खुर्चीपर्यंत अकरा पावलं. आज चार टाकली. मग भिजवलेलं प्लास्टर घट्ट होईल म्हणून परत आले.

प्लास्टर भिजवलंच नव्हतं!

११ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टर पुन्हा आल्या. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. शांतपणे म्हणाल्या, 'मावशी, महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर ही कवळी मला बाहेरच्या लॅबला करायला द्यावी लागेल. ते सगळं कॉम्प्युटरवर करतात.' आणि जाता जाता, दाराकडे तोंड करून, 'एक बाहेर गेली की पुढच्याही जातील. मला ते नकोय.'

फळीवरच्या दोनशे जबड्यांकडे बघत राहिले. कुणी काही बोललं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गेले! बाहेर गेले!

मोजत गेले. सातव्या पावलाला कानात गरम झालं. नवव्याला वाटलं, आता पाय वळणार. मग डॉक्टर म्हणाल्या, 'या मावशी, जरा तो दिवा धरा.' त्यांनी मुद्दाम म्हटलं, मला कळलं. दिव्याला हात पुरतो तिथे आपोआप गेले. दिवा धरायचं काम मिळालं की माणूस उगाच उभा आहे असं वाटत नाही.

तर हा एकशे चौदा! उंच, हाडकुळा, पंचाहत्तरीचा म्हातारा. मोठे कान. मिशी नीट कातरलेली. तोंड असं घट्ट मिटलेलं की ओठांची नुसती रेघ. शेजारी त्यांची बायको, त्यांच्या शर्टाची बाही मुठीत धरून. त्यांना फार कमी दिसतं — माझ्याऐवजी दिव्याकडे बघून म्हणाल्या, 'तुम्हीच का दात बनवणाऱ्या? हात बघू.' माझा हात हातात घेतला, बोटं चाचपली. 'खरबरीत आहेत. कामाचे आहेत,' म्हणाल्या.

मग सगळं त्यांनीच सांगितलं. काका कोर्टात पुकारा करायचे. एकतीस वर्षं. दाराबाहेर उभं राहून खटल्याचा नंबर आणि माणसाचं नाव पुकारायचं. 'तीन मजले ऐकू जायचं! माइक कसला लागतोय यांना!' सहा वर्षांपूर्वी काकूंची नजर गेली, तेव्हापासून काका रोज सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायचे. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत — सरकारी नोटिसा, हरवले-सापडले, निधनाच्या जाहिरातीसुद्धा. 'कोण कोण गेलं ते कळायला नको?' दात काढले, कवळी बसली, आणि पहिल्याच दिवशी पेपरातल्या मथळ्यावर शिट्टी वाजली. शेजारचा हसला. त्या दिवसापासून काका गप्प. वाचन बंद, बोलणं बंद; कवळी दुरुस्त होऊन आली की घरी एकदा स म्हणून बघायचं, वाजली की पुन्हा गप्प. हो-नाही मानेनं. 'आता मला मान हललेली कशी दिसावी?' काकू म्हणाल्या.

मी एकच शब्द बोलले. 'बरं.' आणि आत आले. पण गेले!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज काही नाही. नुसतं थकायला झालं. एक शब्द बोलून एवढं?

१७ फेब्रुवारी, सोमवार

काका-काकू आले होते. शेवटचा पेशंट गेल्यावर डॉक्टरांनी बाहेरचं दार लावून घेतलं आणि मुद्दाम कपाट आवरायला लागल्या — आमच्याकडे पाठ फिरवून. खुर्चीत काका, स्टुलावर मी, बाकावर काकू.

मला साठपासून सत्तरपर्यंतचे आकडे हवे होते. आमच्या भाषेत त्याहून चांगली परीक्षा नाही. साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट... प्रत्येकात स, आणि सहासष्ट-सदुसष्टमध्ये तर दोन-दोन! मी कागदावर लिहून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी वाचलं. माझ्या हातातलं पेन घेतलं आणि खाली लिहिलं — 'आधी तुम्ही.'

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांची पाठ. काकूंकडे पाहिलं. त्या कान देऊन बसलेल्या. पळायला अकरा पावलं.

म्हटले. 'साठ.' एवढ्या हळू की माझं मलाच ऐकू आलं नाही. काका कानामागे हात धरून बसले — कोर्टातला माणूस! 'एकसष्ट.' हात तसाच. 'बासष्ट!' आता जरा आवाज लागला. चौसष्टपर्यंत घसा मोकळा झाला. सहासष्टला काकूंनी बाकावर ताल धरला. सत्तर म्हटलं तेव्हा मी जवळजवळ ओरडत होते, आणि कपाटाशी डॉक्टरांचे खांदे हसून हलत होते.

काकांनी एक श्वास घेतला. 'साठ,' म्हणाले. बारीकशी शीळ. 'एकसष्ट.' पुन्हा. 'सहासष्ट' — चहाच्या किटलीला वाफ धरावी तशी लांब शिट्टी, आणि मागोमाग दुसरी!

कुणी हसलं नाही. मी तर मुळीच नाही. मला इतका आनंद झाला होता! पाच वेळा परत आली त्या कवळीचं दुखणं आज पहिल्यांदा कानांनी ऐकलं. स म्हणताना जीभ वरच्या दातांमागे टाळूपाशी जाते, मध्ये एक बारीक वाट ठेवते, आणि त्या वाटेने वारा निघतो. वाट फार अरुंद आणि खोल झाली की शिट्टी. एवढं साधं. साच्याच्या तोंडात वारा नसतो, हे मी एकोणीस वर्षं विसरले होते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काकूंचा डॉक्टरांना फोन. काका घरी आल्यावर दोन वाक्यं बोलले! पण दवाखान्यात पुन्हा यायला तयार नाहीत. बाकावर लोक बसलेले असतात, ते बघतात.

त्यांना मी नाही समजून घेणार तर कोण घेणार!

डॉक्टर म्हणाल्या, 'तुम्ही घरी जाल का त्यांच्या? दोन-तीनदा बसावं लागेल.' मी 'बघू' म्हणायला तोंड उघडलं आणि 'कधी?' असं बाहेर पडलं. दोघीही चकित.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ताई कोपऱ्यापर्यंत आली. अर्ध्या दिवसाची रजा काढून! माझी पिशवी तपासली — मेण, दिवा, कोरणी, नॅपकिन. मग सूचना. बेल एकदाच वाजव. चप्पल बाहेर काढ. पाणी विचारलं तर हो म्हण. काही झालं तर मला फोन कर, मी इथेच आहे. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे!

'तू जा ना घरी,' मी म्हटलं.

'मला काय काम आहे?' म्हणाली आणि बस थांब्याच्या बाकावर बसली.

दोन जिने. दारावर पितळी कडी, बेल बिघडलेली. ताईच्या सूचनांमध्ये बिघडलेली बेल नव्हती! कडी वाजवली. एकदाच. कुणी आलं नाही. दुसऱ्यांदा वाजवायची की परत फिरायचं — जिन्यात उभी राहून किती वेळ घालवला कुणास ठाऊक. मग जोरात वाजवली. आतून काकू ओरडल्या, 'किती हळू वाजवता! उंदीर वाटला!'

दोन खोल्यांचं घर, लख्ख. काकूंना दिसत नाही म्हणून प्रत्येक वस्तू जागच्या जागी. खिडकीशी दोन खुर्च्या समोरासमोर आणि मध्ये तिपाईवर पेपरांची चळत — घडीही न मोडलेली. पाच आठवड्यांची. रोज येतात, रोज वरती ठेवले जातात.

काम सुरू केलं. दिव्यावर मेण मऊ करायचं, कवळीच्या टाळूवर पातळ थर द्यायचा, काकांच्या तोंडात बसवायची, आकडे म्हणायला लावायचे, काढायची, खरवडायची, पुन्हा. चार वेळा. शिट्टी कमी झाली, गेली नाही.

बाहेर आले तेव्हा सव्वा तास झाला होता. ताई त्याच बाकावर. 'झालं?' म्हणाली. चेहरा असा की जणू तीच परीक्षा देऊन आली होती.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज खोलीत काम करताना मोठ्याने साठ ते सत्तर म्हणत होते. डॉक्टरांनी खिडकीतून डोकावून 'एकाहत्तर!' म्हटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज सगळं बिघडणार होतं.

मी घरून नवीन मेण बसवून नेलं होतं, शिट्टी नक्की जाणार या खात्रीने. काकांनी कवळी घातली. 'शाठ,' म्हणाले.

थांबले. पुन्हा. 'एकशष्ट. बाशष्ट.' वाट आता जास्तच पसरट झाली होती. 'शहाशष्ट!'

काकूंना हसू आवरेना. वाईट हसू नव्हतं ते — किती आठवड्यांनी घरात आवाज झाला म्हणून आलेलं. पण काकांचे कान लाल झाले. त्यांनी कवळी काढली, वाटीत टाकली, वाटी माझ्याकडे सरकवली. बोळक्या तोंडाने म्हणाले, 'नको आता. पुरे झालं. या वयात बोलून कुणाचं भलं व्हायचंय?' आणि उठून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

काकूंचं हसू जिथल्या तिथे थांबलं.

माझी पिशवी पायाशी होती. दार तीन पावलांवर. कुणीही मला दोष दिला नसता. मी कोरणी पुसली, पिशवीत ठेवली, पिशवी उचललीही. आणि मग — कुठून आलं माहीत नाही — म्हटलं, 'काका, मी एकोणीस वर्षं नको म्हणतेय.'

त्यांनी वळून पाहिलं नाही. बरं झालं. पाठीशी बोलणं सोपं असतं. मी सगळं सांगितलं. ती बाई, रंगांची पट्टी, न फुटलेला आवाज. सुतार आणि खिडकी. 'माझ्या सोयीसाठीच पाडली खिडकी. छान आहे. ट्रे येतो, ट्रे जातो, कुणी मला बघत नाही. पण तुमची शिट्टी पाच वेळा त्या खिडकीपर्यंत आली आणि मला ऐकू आली नाही. मी आपली टाळूला चकाकी आणत बसले. तुमचे पाच आठवडे गेले, काका. काकूंचे गेले. माझ्यामुळे.'

एवढं लांब मी आयुष्यात कुणा परक्याशी बोललेली नाही.

खिडकीकडे तोंड ठेवूनच काकांनी विचारलं, 'केवढी आहे?'

'काय?'

'खिडकी.'

मी हाताने दाखवली, मग लक्षात आलं की त्यांची पाठ आहे. 'ट्रे जाईल एवढी. वीतभर उंच, हातभर रुंद.'

ते वळले. 'अहो, मग ती खिडकी कसली! कोठडीतल्या माणसाला जेवण सरकवतात, तेवढीच असते ती. मी शेकडो पाहिल्यात!'

आधी काकू हसल्या. मग मी. मग ते स्वतः, दात नसलेलं तोंड पूर्ण उघडून. मी त्यांचं उघडं तोंड दहा वेळा पाहिलं होतं, पण हसताना आज पाहिलं — आणि टाळूच्या पुढच्या भागातल्या त्या सुरकुत्या, ज्या मला पाठ आहेत, त्या ओल्या, जिवंत, चमकताना दिसल्या. जिभेचं टोक सारखं तिथेच जात होतं. चाचपत होतं.

आणि मी काय केलं होतं? तिथे आरशासारखा गुळगुळीत टाळू दिला होता! जिभेला खूण म्हणून काही ठेवलंच नव्हतं. काकूंना न सांगता त्यांच्या घरातली खुर्चीच हलवावी, तसं.

'काका, वाटी द्या इकडे,' मी म्हटलं. पिशवी पुन्हा खाली ठेवली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

साच्यावरून त्यांच्या टाळूच्या सुरकुत्या मेणात उतरवल्या, मेणावरून कवळीत. एकेक वळी, जशीच्या तशी. दोन दिवस दुसरं काही केलं नाही. आज घेऊन गेले. कडी दणकून वाजवली.

काकांनी घातली. जीभ फिरवली. थोडा वेळ नुसतेच बसले — ओळखीच्या घरात शिरल्यावर माणूस बसतो ना, तसे.

'सहासष्ट,' म्हणाले.

स्वच्छ!

'सदुसष्ट. अडुसष्ट.' मग उठून उभे राहिले, छाती भरून घेतली आणि दाराकडे तोंड करून — 'खटला क्रमांक सहासष्ट! हाजीर व्हा!' तिपाईवरचा पेला वाजला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी 'काय झालं?' म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, 'बघा, सांगत नव्हते? तीन मजले!' आणि पदराने डोळे पुसले.

मग त्यांनी पेपर घेतला. आजचा. काकू म्हणाल्या, 'हा नाही. खालून घ्या.'

'अगं, सहा आठवड्यांपूर्वीचा? त्यात काय बातमी उरलीय?'

'मला कुठे माहितीय काय झालं ते! मधलं गाळून कसं चालेल?'

काकांनी चळत उलटी केली. सगळ्यात जुन्या पेपरची घडी मोडली, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. कुठल्याशा पुलाचं काम रखडलंय. कुठे पाणी दोन दिवस येणार नाही. काकू मान डोलावत होत्या, जणू आजच ठरवायचंय पाणी भरायचं की नाही. मी हळूच निघणार होते. काकू म्हणाल्या, 'बसा की. निधनाच्या जाहिराती यायच्यात अजून.'

बसले. तिसऱ्या पानापर्यंत बसले.

१ मार्च, शनिवार

डॉक्टरांनी विचारलं, 'आठवड्यातून दोन सकाळी बाहेर बसाल? ज्यांच्या कवळ्या आहेत ते तुमच्यासमोर बोलतील, खातील, मग तुम्ही आत जाऊन करा.' मी म्हटलं, 'एक सकाळ.' त्या म्हणाल्या, 'एक तर एक.'

भीती गेली का? नाही. काल दाराशी पुन्हा तळवे गार पडले होते. गार तळव्यांनी चालता येतं, एवढं कळलंय.

४ मार्च, मंगळवार

पहिली सकाळ. चार माणसं. एकाने बिस्किट खाऊन दाखवलं, एकीने जावयाच्या तक्रारी सांगितल्या — त्यात स भरपूर! एकदा आवाज अडकला. थांबले, पाणी प्यायले, पुन्हा बोलले. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही!

८ मार्च, शनिवार

आज एक गंमत. नळाचा माणूस आला तेव्हा ताई आंघोळीला गेली होती. मीच बोलले. गळती दाखवली, वायसर बदलायला लावला, नळ उघडून बंद करून पाहिला, तरी थेंब येत होता म्हणून पुन्हा उघडायला लावला. ताई केस पुसत बाहेर आली तर तो निघालेला.

'तू बोललीस?'

'भांडलेसुद्धा!'

ती हसली, माझ्या पाठीत धपाटा घातला. मग म्हणाली, 'आता मी काय करू?' थट्टेतच म्हणाली. पण आत जाऊन कपाटातले घडी घातलेले कपडे काढून पुन्हा घडी घालत बसली. मी चहा नेऊन दिला. काय झालं म्हणून विचारलं, तर 'कुठे काय' म्हणाली.

काहीतरी आहे. परक्यांची तोंडं वाचायला शिकतेय, आणि हिचं मला कळत नाही.

१२ मार्च, बुधवार

ताई आज चष्मा घरीच विसरून गेली. द्यायला तिच्या ऑफिसात गेले. मी तिथे कधीच गेले नव्हते. दाराजवळच्या टेबलावरच्या बाईंना ताईचं नाव सांगितलं, म्हटलं, मी तिची बहीण.

त्या खुर्चीतून उठल्याच. 'धाकटी बहीण? तुम्ही... चालता?'

मला काही कळेना.

'नाही, म्हणजे त्यांनी सांगितलं होतं, बहीण अंथरुणाला खिळलेली असते, तिला सोडून कुठे जाता येत नाही. तीन वेळा दुसऱ्या गावच्या मोठ्या ऑफिसातली वरची जागा आली हो त्यांना. तिन्ही वेळा नको म्हणाल्या.'

हॉलच्या त्या टोकाला ताई उभी होती. तिने मला पाहिलं आणि मान खाली घातली. एवढी बोलकी माझी ताई, तिच्या तोंडून शब्द फुटेना.

म्हणून मीच बोलले. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

'बरी झाले मी. ती जागा अजून रिकामी आहे का?'